तिसरी क्लिप

सामना संपण्याआधीच विजयाची आणि पराभवाची अशा दोन्ही बातम्या कॅमेऱ्यासमोर बोलून ठेवायच्या, ही क्रीडावार्ताहर म्हणून तिची वीस वर्षांची सवय. आज कॅमेरामनला मात्र तीन क्लिप सापडल्या. "मॅडम, ही कधी घेतली आपण?" तिसऱ्या क्लिपमध्ये ती धुळीनं माखलेली, डोक्यावर वडिलांची निळी टोपी, आणि रडत सांगतेय, "उत्तरेकडची गॅलरी कोसळली!" वडील त्याच गॅलरीत होते, तिनंच दिलेल्या पासवर. तिनं फोन लावला. "बाबा, असाल तसे बाहेर या!" "अगं, पाचच मिनिटं राहिलीत." "माझी शपथ आहे तुम्हाला!" कुरकुरत का होईना, ते आले. तिचा जीव भांड्यात पडला. "घामाघूम झालीस की गं," म्हणत त्यांनी निळी टोपी तिच्या डोक्यावर चढवली. आत गोल झाला आणि अख्खी गॅलरी एकदम नाचायला लागली.