यजमान हजर आहेत

पेन्शन कचेरीत अर्ज तपासणारं यंत्र मोठ्या साहेबांनीच आणलं होतं. ते कधी चुकत नाही, असं ते छातीठोकपणे सांगत.

त्या सकाळी नवऱ्याच्या पश्चात पेन्शन मागायला एक बाई एकटीच कॅमेऱ्यासमोर येऊन बसली. यंत्र गोड आवाजात म्हणालं, "अर्ज नामंजूर. आपले यजमान हजर आहेत."

बाईचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, त्यांना जाऊन वर्ष झालं!"

साहेब हसले. "कॅमेऱ्यावर धूळ बसली असेल, ताई." त्यांनी स्वतः काच पुसली.

"यजमान हजर आहेत. आता ते उठून उभे राहिले."

"राहू दे, मीच मंजूर करतो," म्हणत साहेबांनी बटणाकडे हात नेला.

"साहेब," यंत्र हळूच म्हणालं, "त्यांनी तुमचं मनगट धरलंय."

साहेबांनी जोर लावला. हात तसूभरही हलेना.