आईला ऐकू येतं

कुठल्याच यंत्रावर सुमेध वकिलाचा भरवसा नव्हता. जेवायच्या आधी त्याने स्वतःचा आणि दोन्ही ज्युनियरचे मोबाईल स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवले. मगच पोलिसांविरुद्धचा साक्षीदार कुठे लपवलाय ते कुजबुजला.

"देवरुखला? मावशीच्या घरी?" टेबलाच्या पलीकडून आईने विचारलं. सरकारी शिबिरात मिळालेल्या तिच्या श्रवणयंत्राचं सगळ्यांनी कौतुक केलं.

त्याच आठवड्यात मावशीच्या विहिरीत साक्षीदाराचं प्रेत तरंगलं.

"डबा फ्रीजमध्ये कशाला, वकीलसाहेब?" पंचनामा संपवून इन्स्पेक्टर हसला. "आईंना हल्ली छान ऐकू येतं ना? आम्हालाही येतं. कायद्यानेच. शिबिरातल्या फॉर्मवर त्यांच्या वतीने संमतीची सही तुम्हीच केलीत."

घरी येताच सुमेधने आईच्या कानाकडे हात नेला. तिने कान घट्ट झाकला.

"काढू नको रे. किती वर्षांनी तुझा आवाज ऐकतेय. बोल ना काहीतरी."