पातं बदलताना

सकाळी दोघा सुतार भावांचं चांगलंच वाजलं आणि धाकट्याने थोरल्याशी अबोला धरला. दुपारी कापायच्या मशीनचं पातं बोथट झालं. धाकट्याने रागारागातच बोर्डातून प्लग उपटला, पात्याच्या बोल्टला पाना लावला आणि जोर दिला. बोल्ट कसला हलतोय. घामाच्या धारा लागल्या. एवढ्यात पाना सटकला, तोल सावरायला त्याने धरली ती नेमकी मशीनची मूठ, आणि तिच्यातलं बटण दाबलं गेलं. दुसऱ्या हाताची बोटं तेव्हा पात्याच्या दातांवर होती.

काहीच झालं नाही. बरं झालं प्लग काढला, असं पुटपुटत त्याने वाऱ्यासाठी टेबलफॅनकडे तोंड केलं, तर फॅन बंद. उपटलेला प्लग फॅनचा होता.

त्याने पात्यावरची बोटं झटकन काढून घेतली. मशीनच्या वायरीमागोमाग त्याची नजर मागे गेली. तिथे थोरला उभा होता, मशीनचा प्लग मुठीत घट्ट धरून.

"दादा," धाकटा म्हणाला, "आपण बोलत नव्हतो ना?"

"मग मी कुठे काय बोललो?"