खोबण

एक स्टूल, बसून बसून मधोमध खोल गेलेलं. तीन पदरी चामड्याचा पट्टा. सासऱ्यांचं कालचं वाक्य : "मशीनलाही हात कळतो." कपाटाखाली लोटलेला पेचकस.

आणि मशीनची सुई. जागच्या जागीच, फक्त थोरलीने सकाळी तिचं तोंड किंचित फिरवून ठेवलेलं.

स्टूल चौदा वर्षं थोरलीचं होतं. आज त्यावर धाकटी जाऊ बसली होती. हा पट्टा नीट शिवला की खोगिरांची शिलाई तिच्याकडे आणि थोरलीकडे नुसतं कडा घासणं, असं सासऱ्यांनी ठरवून टाकलं होतं.

धाकटीने पेडल दाबलं. एक टाका पडला, दोन सुटले.

थोरलीच्या जिवाला गार वाटलं. "जुनं मशीन आहे," ती कड घासता घासता म्हणाली. "नवख्याला दाद देत नाही."

सासऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "काय झालं गं?"

"बघते, मामंजी."

धाकटीने धागा काढून पुन्हा ओवला. दोन सुटले. वरचा ताण सैल केला, मग कसला. दोन सुटले. बॉबिनची डबी धाग्याला टांगून हलका हिसका दिला. डबी बोटभर उतरली आणि थांबली, म्हणजे तिथे खोट नव्हती. थोरली एकच कड घासत राहिली, चामडं तापेपर्यंत.

मग धाकटी वाकली. कपाटाखालून पेचकस काढला, स्वतःच ठेवल्यासारखा. त्याने स्क्रू सैल करून सुई सोडवली आणि डोळे मिटून नखाने तिच्या अंगावरची खोबण चाचपली. खोबण धाग्याच्या बाजूला हवी, ती किंचित मागे वळली होती. डोळे उघडले तेव्हा ती थोरलीकडे बघत होती.

"माझ्याच हातून वाकडी बसली, मामंजी."

सुई सरळ झाली. तिन्ही पदरांतून टाके पडत गेले, एकासारखा एक. सासऱ्यांनी पट्टा ताणून पाहिला, उजेडात धरला, मग कडा घासायला थोरलीपुढे ठेवला. आणि हात धुवायला गेले.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "पुढच्या वेळी बॉबिनचं काहीतरी बघा. त्यातली खोट शोधायला मला अजून वेळ लागतो."

नखाने खोबण चाचपायला धाकटीला थोरलीनेच शिकवलं होतं, ती लग्न होऊन आली त्याच आठवड्यात.