विलायतेचा ओंडका

बल्लारशाच्या मालधक्क्यावर सागाचे ओंडके मालगाडीत चढत होते. शेवटच्या ओंडक्यापाशी मंगली पळसाच्या पानाचा द्रोण घेऊन उकिडवी बसली होती. ह्याच ओंडक्याचं झाड तोडताना ते अंगावर येऊन तिचा नवरा जागीच गेला होता. तिच्या गावची रीत अशी, की माणूस ज्याच्याखाली मेला त्यापाशी जाऊन त्याला हाक मारायची. जो किडा आपणहून द्रोणात येईल तोच त्याचा जीव. तो घरी न्यायचा, देवाच्या मडक्यात ठेवायचा. तिनं ओंडक्यावर हळदीचे तांदूळ टाकले. "चाल ना घरी," ती पुटपुटली, "पोरगी वाट पाहून राह्यली." मुकादम गुणवंतराव जवळ आले. "ऊठ आता बाई. हे लाकूड मुंबईले जाते, तिथून जहाजानं विलायतेले." "थोडं थांबा ना भाऊ. मुंगी आली तरी चालते मले." गुणवंतरावांनी ओंडक्याकडे पाहिलं. भेगाभेगांत डीडीटीची पांढरी भुकटी होती. विलायतेच्या मालात जिवंत किडा चालत नाही, म्हणून सकाळी त्यांनीच ती मारली होती. हे तिला ठाऊक नव्हतं. त्यांनी धक्क्याखालच्या मातीतून एक मुंगी चिमटीत उचलली आणि तिची नजर चुकवून ओंडक्यावर सोडली. मुंगी द्रोणाकडे निघाली. "आला! आला पोरीचा बाप!" मंगलीनं द्रोण पुढे केला. द्रोणाच्या काठाशी येऊन मुंगी लटपटली आणि भुकटीत आडवी झाली. मंगली पदरानं तिला वारा घालत बसली.