खिंडीतला थांबा

रंगनाथरावांचं हृदय चालवणारं यंत्र दूर शहरात होतं. त्याचे ठोके एका मोबाइल टॉवरकडून दुसऱ्याकडे जात रुग्णवाहिकेबरोबर धावत होते.

"खिंडीत देवीपाशी थांबवा, सगळेच थांबतात," त्यांच्या पत्नी सुनंदाबाई म्हणाल्या.

"काकू, आज मनातच हात जोडा," म्हणत ड्रायव्हर भिकाजीने गाडी पुढे काढली.

वळणावर पडद्यावरची रेघ आडवी झाली.

"पुढच्या टॉवरने धरलंच नाही," नर्स म्हणाली. "इथे गाड्या मिनिटभर थांबतात हे नेटवर्क शिकलंय. तो टॉवर मिनिटभरानेच तयार होणार."

"मग मागे घे, बाबा," सुनंदाबाई भिकाजीला म्हणाल्या.

भिकाजीने गाडी देवळापर्यंत उलटी नेली. रेघ उसळली.

गाडी मिनिटभर देवीपाशी थांबली. पुढचा टॉवर तयार झाल्याची खूण म्हणून नर्सने मान डोलावली, तेव्हाच भिकाजीने जोडलेले हात सोडून गिअर टाकला.