आत्याकडच्या खेपा

आत्याने पिशवीची गाठ सोडली, तर आत नेहमीची शेंगाचटणी नव्हतीच. आत्यासाठी साडी निघाली, आतेभावासाठी शर्टपीस आणि सगळ्यात खाली हळदीकुंकू लावलेला नारळ.

"तुझ्या बापानं होकार धाडला बघ!" आत्याने नारळ कपाळाला लावला. "मी म्हणतच होते, कॉलेजला सुट्टी लागली की पोरगी मुंबई गाठते, ती काय उगाच?"

गौतमीने रिकामी पिशवी जवळ ओढली. बार्शीपासून ही पिशवी तिनेच मांडीवर सांभाळत आणली होती. मुंबईला ती यायची ती समुद्राकाठच्या कट्ट्यावर एकटीने बसायला, फुटपाथवरची जुनी पुस्तकं चाळायला. बार्शीत कोपऱ्यापर्यंत गेलं तरी 'कुणाची गं तू?' विचारणारं कुणीतरी भेटायचंच. इथे कुणी विचारत नव्हतं. आतेभावाशी तर तिचं धड बोलणंही व्हायचं नाही.

"आत्या, अगं, मी त्याला दादा म्हणते."

"आजपासून नाही म्हणायचं." आत्या हसली.

लग्नाला नाही म्हणावं, तर या घराचं दार बंद होणार आणि त्याबरोबर मुंबईही. तिने चपला पायात सरकवल्या.

"कुठं निघालीस?"

"समुद्रावर. नेहमीसारखी."

"थांब जरा. तो कामावरून आला की दोघं जा. आता एकटी हिंडलीस तर लोक काय म्हणतील?"

गौतमी दारातच उभी राहिली. एवढ्या मोठ्या शहरात तिला आजवर लोक कधी भेटलेच नव्हते.